परक्या देशाची निवडणूक आणि तटस्थ साक्षीदार

निवडणूक हा एक प्रकारचा वादच होय. त्यांत दोन किंवा अधिक पक्ष लोकांपुढें उभे राहतात, राज्य चालविण्याचा अधिकार आपल्यास मिळावा असें म्हणतात, आणि लोक मत देऊन त्या वादाचा निवाडा करितात. पण इतर वादांत व या वादांत एक मोठा फरक आहे. शेताच्या बांधावरून दोन भावांचें भांडण लागलें, तर मोजणीदार सरकारी असतो, पंच गांवचे असतात, आणि दोघां भावांपैकीं कोणाच्याहि हातीं मोजणीची साखळी नसते. निवडणुकींत मात्र पुष्कळदां असें होतें कीं, ज्याच्या हातीं त्या वेळीं राज्य असतें तोच वादांतील एक पक्षकार असतो. आणि मतदारयादी, पोलीस, नभोवाणी, सरकारी मोटारी व मतमोजणीचीं टेबलें हीं सर्व त्याच्याच राज्ययंत्रांतील असतात. साखळी पक्षकाराच्या हातीं असल्यावर मापाविषयीं संशय येणें साहजिक आहे. हा संशय खरा कीं खोटा हें सांगणारा त्रयस्थ मनुष्य आणावा कोठून? या प्रश्नांतूनच परदेशांतील निवडणुका पाहण्यास जाणाऱ्या नागरिकांच्या शिष्टमंडळांची प्रथा निघाली.

या त्रयस्थाचें काम काय, तें आपल्याकडील पंचनाम्याच्या उदाहरणानें चटकन् ध्यानांत येईल. चोरी झालेल्या घराचा पंचनामा करितांना ज्यांना बोलावितात, ते पंच निकाल देत नाहींत. कुलूप तुटलेलें होतें, खिडकी उघडी होती, पेटी रिकामी होती, एवढें डोळ्यांनीं पाहून ते खालीं सही करितात. परदेशी निरीक्षकाचें काम याच जातीचें आहे. त्याला मतदान थांबवितां येत नाहीं, यादी दुरुस्त करितां येत नाहीं, कोणा अधिकाऱ्यास हुकूम सोडतां येत नाहीं. त्याची सर्व शक्ति त्याच्या सहींत असते. ती सही विश्वासाची ठरावी, तर तो वेळेवर आलेला पाहिजे, त्याला समोर काय चाललें आहे तें कळलें पाहिजे, आणि तो पक्षकारांपैकीं कोणाचा मिंधा नसावा.

ही कल्पना आजकालची नाहीं. १८५६ च्या पॅरिसच्या तहानें मोल्डाव्हिया व वालेशिया या दोन संस्थानांच्या भवितव्याचा प्रश्न युरोपांतील बड्या राष्ट्रांकडे आला. हीं संस्थानें तुर्की सुलतानाच्या सार्वभौमत्वाखालीं होतीं व आज तो प्रदेश मुख्यतः रुमानियांत मोडतो. दोन्हीं संस्थानें एक व्हावींत कीं नाहीं, याविषयीं लोकमत पाहण्यासाठीं १८५७ मध्यें तेथें निवडणूक घेण्यांत आली व तिच्यावर या राष्ट्रांच्या आयोगाची देखरेख होती. मोल्डाव्हियाच्या तत्कालीन कारभाऱ्यानें एकीकरणाच्या बाजूचे पुष्कळ मतदार यादींतूनच गाळले. त्याचीं खासगी पत्रें बाहेर आल्यावर सर्व बनाव उघडकीस आला. ती निवडणूक रद्द झाली आणि सप्टेंबरांत फेरनिवडणूक होऊन निकाल अगदीं उलट लागला. निवडणुकींतील लबाडी पहिल्यापासूनच मतदानाच्या दिवशीं होत नसून त्याच्या कितीतरी आधीं होत असते, हें या जुन्या उदाहरणावरूनहि दिसून येतें.

पुढें जगांतील पारतंत्र्य संपूं लागलें, तेव्हां नव्या राष्ट्रांच्या पहिल्या निवडणुकांस अशा देखरेखीची गरज भासली, आणि त्या कामीं भारताकडे वडीलकी आली. स्वतंत्र भारताची १९५१–५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडणारे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना १९५३ मध्यें सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठीं नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचें अध्यक्षपद देण्यांत आलें. त्या आयोगांत तीन सुदानी गृहस्थ होते, आणि ब्रिटन, ईजिप्त, अमेरिका व भारत यांचा प्रत्येकीं एक सभासद होता. १९८० मध्यें ऱ्होडेशियांत, म्हणजे आजच्या झिंबाब्वेंत, गोऱ्या अल्पसंख्याकांची सत्ता संपून निवडणूक झाली, तेव्हां राष्ट्रकुलानें पाठविलेल्या निरीक्षक मंडळाचे अध्यक्षहि राजेश्वर दयाळ हे भारतीय मुत्सद्दीच होते.

हीं सर्व मंडळें सरकारांनीं नेमलेलीं होतीं. सामान्य नागरिकांच्या शिष्टमंडळांस खरें महत्त्व आलें तें फिलिपाइन्समधील ७ फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीनें. फर्डिनंड मार्कोस वीस वर्षें सत्तेवर होते. त्यांच्याविरुद्ध कोराझोन आक्विनो उभ्या राहिल्या. ‘नॅमफ्रेल’ या नांवाची त्या देशांतील नागरिकांचीच एक संघटना होती. तिच्या स्वयंसेवकांनीं मतदान केंद्रांवर पहारा ठेविला व केंद्राकेंद्राचे आंकडे स्वतंत्रपणें गोळा केले. बाहेरूनहि अनेक शिष्टमंडळें आलीं होतीं व त्यांपैकीं एकांत उत्तर आयर्लंडचे पुढारी जॉन ह्यूम होते. निवडणुकीनंतर दोन दिवसांनीं सरकारी मोजणी केंद्रांत संगणकावर बसलेले कित्येक तंत्रज्ञ, आपण भरलेले आंकडे व फलकावर लागणारे आंकडे जुळत नाहींत असें सांगून, उठून बाहेर पडले. महिना संपण्यापूर्वींच मार्कोस यांस देश सोडावा लागला. येथें आंकडे जमविले ते देशांतील नागरिकांनीं, आणि धोका पत्करून उठले तेहि देशांतील नागरिकच. परदेशी पाहुण्यांनीं एवढेंच केलें कीं, ही साक्ष त्यांनीं जगापुढें नेली व ती सहजासहजीं दडपतां येऊं दिली नाहीं. दोहोंची जोड होती म्हणूनच तिला बळ आलें.

चार वर्षांनीं निकाराग्वांत याच्या पुढचें पाऊल पडलें. २५ फेब्रुवारी १९९० च्या निवडणुकीसाठीं संयुक्त राष्ट्रसंघ, अमेरिका खंडांतील राष्ट्रांची संघटना आणि माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांची खासगी संस्था अशा तिघांचे निरीक्षक तेथें होते. संयुक्त राष्ट्रसंघाचे लोक आदल्या वर्षाच्या ऑगस्टपासूनच देशांत हजर होते; म्हणजे यादी, सभा, मिरवणुका, वृत्तपत्रें, नभोवाणी असा सर्व प्रचारकाळ त्यांनीं पाहिला. मतदानाच्या रात्रीं निवडक केंद्रांच्या आंकड्यांवरून एकंदर निकालाचा अंदाज काढण्यांत आला. शितावरून भाताची परीक्षा करावी, तशी ही पद्धति आहे. मात्र शितें पातेल्याच्या सर्व भागांतून नीट निवडून घ्यावीं लागतात. सत्ताधारी डॅनियल ओर्तेगा हरत आहेत असें त्यावरून दिसलें. कार्टर यांनीं त्याच रात्रीं त्यांची भेट घेतली, आणि दुसऱ्या दिवशीं ओर्तेगा यांनीं पराभव मान्य केला. नुकत्याच यादवी युद्धांतून निघणाऱ्या देशांत सत्तांतर शांतपणें झालें.

आज या कामाची एक शिस्तच बसलेली आहे. २७ ऑक्टोबर २००५ रोजीं न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरींत या क्षेत्रांतील प्रमुख संस्थांनीं निरीक्षणाचीं तत्त्वें व निरीक्षकांची आचारसंहिता मान्य केली. निरीक्षकानें यजमान देशाचा कायदा पाळावा, कामांत अडथळा आणूं नये, कोणत्याहि पक्षाकडे झुकूं नये, आणि जें लिहावें त्याला पुरावा असावा, असे तिचे मुख्य नियम आहेत. सुव्यवस्थित मंडळाचे कांहीं सभासद मतदानाच्या कित्येक आठवडे आधीं येतात व दोघादोघांच्या जोड्या करून जिल्ह्याजिल्ह्यांत राहतात. जोडींतील दोघे बहुधा निरनिराळ्या देशांचे असतात, म्हणजे एकाच्या ग्रहास दुसऱ्याचा आळा बसतो. मतदारयादी तपासण्याची त्यांची रीत साधी पण उपयोगी आहे. यादींतील कांहीं नांवें निवडून तीं माणसें त्या पत्त्यावर खरोखर आहेत काय तें पाहतात. उलट रस्त्यांत भेटलेल्या माणसांचीं नांवें यादींत आहेत काय तेंहि पाहतात. पहिल्या परीक्षेनें बनावट नांवें सांपडतात, दुसरीनें गाळलेलीं. नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवर कोणत्या पक्षास किती मिनिटें मिळालीं, आणि त्यांच्याविषयीं बोलतांना सूर कसा होता, याचीहि टिपणें ठेवितात. मैदान एका पक्षास मिळालें व दुसऱ्यास नाकारलें, सभेची परवानगी एकास तासांत व दुसऱ्यास आठवड्यानें मिळाली, अशा बारीकसारीक नोंदींतूनच प्रचार समान पातळीवर झाला कीं नाहीं हें ठरतें.

तथापि निरीक्षक आले म्हणजे सर्व कांहीं ठीक झालें, असें नाहीं. केनियांत ८ ऑगस्ट २०१७ रोजीं अध्यक्षाची निवडणूक झाली. युरोपीय संघ व कार्टर यांची संस्था यांसारख्या नामांकित मंडळांनीं दोन दिवसांत आपलीं प्राथमिक निवेदनें काढलीं. मोजणीचें काम अपुरें आहे, अशी सावधगिरीची सूचना त्यांत होती. पण एकंदर सूर समाधानाचा होता. पुढें १ सप्टेंबर रोजीं केनियाच्या सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध दोन मतांनीं ती निवडणूकच रद्द केली. मतदानाच्या रांगांत दोष नव्हता. निकालाचे आंकडे केंद्रांतून राजधानींत पोंचविण्याच्या कामांत कायद्याचें उल्लंघन झालें होतें. पाहुण्यांचे डोळे रांगेवर खिळले होते, आणि बिघाड होता कागदांच्या वाटेवर. दुसरा दोष याहून वाईट. कांहीं सत्ताधारी स्वतःच्या खर्चानें मर्जींतील परदेशी पाहुणे बोलावितात, त्यांना दोन-चार निवडक केंद्रें दाखवितात आणि त्यांच्याकडून प्रशस्ति घेऊन ती छापतात. असा पाहुणा साक्षीदार नसतो. तो वऱ्हाडी असतो, आणि वऱ्हाडी मंडळी लग्नघरच्या जेवणाची निंदा करीत नाहींत.

आतां भारताकडे वळूं. परदेशी निरीक्षकांचीं औपचारिक मंडळें बोलाविण्याची रीत भारतानें ठेविलेली नाहीं. निवडणूक आयोग इतर देशांच्या निवडणूक संस्थांतील प्रतिनिधींना अभ्यागत म्हणून निमंत्रण देतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळीं असे २३ देशांतील ७५ अभ्यागत आले होते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत त्यांच्या तुकड्या सहा राज्यांत नेण्यांत आल्या. त्यांत महाराष्ट्र व गोवाहि होतीं. हे पाहुणे बहुतेक अधिकारी होते. शिकण्यासाठीं येणें व साक्ष देण्यासाठीं येणें यांतील भेद येथें ध्यानांत ठेविला पाहिजे.

परक्या डोळ्यांची उपयुक्तता मात्र भारतानेंहि निराळ्या वाटेनें मान्य केली आहे. प्रत्येक मतदारसंघावर आयोग निरीक्षक नेमतो व ते बहुधा दुसऱ्या राज्यांतील वरिष्ठ अधिकारी असतात. साताऱ्यांत ज्याचें घर नाहीं, सोयरिक नाहीं, ज्याची पुढील बदली साताऱ्याच्या पुढाऱ्याच्या हातीं नाहीं, असा मनुष्य साताऱ्याची निवडणूक पाहतो. एक निरीक्षक सर्वसाधारण व्यवस्थेसाठीं व दुसरा केवळ खर्चासाठीं असतो. शिवाय या निरीक्षकाच्या हातीं नुसती लेखणी नाहीं. १९९६ मध्यें लोकप्रतिनिधित्व कायद्यांत घातलेल्या २० ब या कलमान्वयें, मतदान केंद्रें बळकाविण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर झाल्याचें त्यास वाटलें, तर निकाल जाहीर होण्यापूर्वीं मतमोजणी थांबविण्याचा आदेश तो देऊं शकतो. परदेशी शिष्टमंडळाजवळ केवळ साक्ष असते. या सरकारी निरीक्षकाजवळ साक्ष व अधिकार अशा दोन्हीं गोष्टी असतात.

एवढी व्यवस्था असतांना प्रचाराचा निर्मळपणा कोठें अडतो, हें सातारा व सांगली या दोन शेजारच्या मतदारसंघांच्या उदाहरणावरून चांगलें समजतें. दोन्हीं ठिकाणीं ७ मे २०२४ रोजीं एकाच दिवशीं मतदान झालें. म्हणजे ते परदेशी अभ्यागत देशांत फिरत होते त्याच आठवड्यांत.

त्यापूर्वीं राष्ट्रवादी काँग्रेस पक्षांत फूट पडली होती. ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं आयोगानें पक्षाचें नांव व घड्याळ हें चिन्ह अजित पवार यांच्या गटास दिलें. शरद पवार यांच्या पक्षास २२ फेब्रुवारी रोजीं ‘तुतारी वाजविणारा माणूस’ हें नवें चिन्ह मिळालें. मतदानास अवघे अडीच महिने राहिले होते. इकडे अपक्षांसाठीं राखलेल्या मोकळ्या चिन्हांत एक वाद्य होतें. इंग्रजींत त्याचें नांव ट्रंपेट. चित्र तुतारीचें नव्हे, लोक ज्याला पिपाणी म्हणूं लागले त्या सरळ वाद्याचें. परंतु मराठी यादींत त्या चित्रापुढेंहि ‘तुतारी’ हाच शब्द आला. पक्षानें निवडणुकीच्या काळांतच यास हरकत घेतली होती. साताऱ्यांत भारतीय जनता पक्षाचे उदयनराजे भोसले यांनीं शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे यांचा ३२,७७१ मतांनीं पराभव केला. आणि पिपाणीच्या चिन्हावर उभ्या असलेल्या एका अपक्ष उमेदवारास ३७,०६२ मतें पडलीं. नाशिककडील दिंडोरी मतदारसंघांत याच चिन्हाच्या अपक्षास एक लाखाहून अधिक मतें मिळालीं, जरी तेथें जागा शरद पवार गटानेंच जिंकली.

या आंकड्यांवरून काय सिद्ध होतें, हें तोलून सांगितलें पाहिजे. मत गुप्त असतें. त्या सदतीस हजारांपैकीं किती जण चुकले व किती जणांनीं जाणून मत दिलें, हें कोणालाहि सांगतां येणार नाहीं. तेव्हां निकाल निराळा लागला असता, हें विधान अनुमानाच्या पलीकडे जात नाहीं. परंतु घोटाळ्यास जागा होती, एवढें निःसंशय. त्याच वर्षींच्या विधानसभा निवडणुकीपूर्वीं, आपलें चिन्ह यंत्रावर अधिक ठळक दिसावें ही त्या पक्षाची मागणी आयोगानेंहि मान्य केली.

शेजारच्या सांगलींत याच नियमाची दुसरी बाजू दिसली. तेथें वसंतदादा पाटील यांचे नातू विशाल पाटील पक्षाची उमेदवारी न मिळाल्यानें अपक्ष उभे राहिले. त्यांनाहि मोकळ्या चिन्हांतीलच एक चिन्ह मिळालें, तें म्हणजे लिफाफा. अवघ्या कांहीं आठवड्यांत तो लिफाफा जतपासून मिरजेपर्यंत पोंचला व ते १,००,०५३ मतांनीं निवडून आले. म्हणजे मोकळें चिन्ह हें स्वतः कोणाचें तारक किंवा मारक नाहीं. एखादें नवें चिन्ह लोक लवकर शिकतात. पण दोन चिन्हांस एकच नांव दिलें, तर शिकलेलेंहि निरुपयोगी होतें.

आतां कल्पना करावी कीं, त्या दिवशीं दूरदेशींचें एखादें शिष्टमंडळ कराडच्या एखाद्या शाळेंतील केंद्रांत उभें होतें. बोटावरची शाई त्याला दिसली असती, शांत रांग दिसली असती, व्हीव्हीपॅटच्या कांचेमागें सात सेकंद दिसणारी चिठ्ठीहि त्याला समजावून सांगितली असती. पण ‘तुतारी’ हा शब्द सातारच्या शेतकऱ्याच्या कानांत काय आणून उभें करितो, आणि तोच शब्द दोन चित्रांखालीं आल्यास काय होतें, हें त्याला कळणें दुरापास्त होतें. माथाडी कामासाठीं मुंबईस गेलेली जावळी-पाटणची माणसें मतदानास गांवीं येतात. ज्या गाडींतून तीं उतरलीं तिचें भाडें त्यांनीं स्वतः दिलें कीं आणखी कोणी, हें रस्त्यावर उभें राहून समजत नाहीं. मतदारांस केंद्रापर्यंत फुकट वाहनानें नेणें हा कायद्याच्या १२३ व्या कलमानें भ्रष्टाचार ठरतो. पण त्याची खरी माहिती गाडीच्या मालकास, चालकास व गांवाच्या पारालाच असते. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा २०२४ मध्यें ९५ लाख रुपये होती. खर्च निरीक्षकाचीं पथकें सभांचें चित्रण करितात, मांडव, खुर्च्या, गाड्या मोजतात, व स्वतःच्या नोंदवहीशीं उमेदवाराचा हिशेब ताडून पाहतात. मांडव मोजतां येतो. पण रात्रीं उंबऱ्यावर काय दिलें-घेतलें गेलें, हें शेजाऱ्यासच ठाऊक असतें.

परक्याला हें कधींच कळूं शकत नाहीं, असें मात्र नाहीं. याच मुलखांत याचें एक उत्तम उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यांतील औंध संस्थानाचीं आटपाडी, कुंडल इत्यादि गांवें आज सांगली जिल्ह्यांत आहेत. त्या संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ मध्यें प्रजेस ग्रामपंचायतींवर उभारलेली राज्यघटना दिली. महात्मा गांधींचा सल्ला तिच्यामागें होता, आणि तिच्या कामांत मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या एंजिनिअराचा मोठा वांटा होता. हे गृहस्थ पाहणी करून आगगाडीनें परत गेले नाहींत. ते येथें राहिले, खेड्यांत वावरले, आणि त्यांना मराठी इतकें येऊं लागलें कीं, पुढें मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांचीं मराठी संभाषणें त्यांनींच इंग्रजींत आणलीं. परकेपणाचा लाभ राखून अज्ञान टाकावयाचें, तर मार्ग हाच: लवकर यावें, फार दिवस राहावें, भाषा शिकावी. ज्याला हें शक्य नाहीं, त्यानें स्थानिक साक्षीदारांचा हात धरावा.

आणि येथेंच भारतांतील व्यवस्थेची एक उणीव दिसून येते. मतदान केंद्रांत आज कोणास बसतां येतें? सरकारी कर्मचारी बसतात. उमेदवारांचे मतदान प्रतिनिधि बसतात. आयोगाचे निरीक्षक येतात. आयोगानें निमंत्रिलेले परदेशी अभ्यागतहि आंत जाऊन पाहूं शकतात. परंतु जो कोणत्याहि पक्षाचा नाहीं व सरकारी नोकरहि नाहीं, असा गांवचा त्रयस्थ नागरिक आयोगाच्या परवानगीवांचून आंत बसूं शकत नाहीं. मनिलांत ज्यानें आंकडे जमविले, त्या जातीच्या साक्षीदारास सातारा-सांगलींतील शाळांच्या खोल्यांत नियमानें ठेविलेली जागा नाहीं. वस्तुतः अशा स्वदेशी नागरिक-निरीक्षकांसाठींहि ३ एप्रिल २०१२ रोजीं जागतिक तत्त्वांचा एक जाहीरनामा निघालेला आहे.

या उणिवेचा परिणाम २०२४ च्या अखेरीस दिसला. नोव्हेंबरांतील विधानसभा निवडणुकीच्या निकालावर विश्वास न बसल्यानें सोलापूर जिल्ह्यांतील मारकडवाडीच्या कांहीं ग्रामस्थांनीं ३ डिसेंबर रोजीं आपल्याच गांवांत मतपत्रिकेवर फेरमतदान घेऊन पाहण्याचें ठरविलें. प्रशासनानें जमावबंदी लागू केली व तो बेत सोडून द्यावा लागला. कराड तालुक्यांतील कोळेवाडीच्या ग्रामसभेनें मतदान मतपत्रिकेवर व्हावें, असा ठराव केला. कायद्याप्रमाणें मारकडवाडीच्या मतदानास कांहींच किंमत नव्हती. आणि तें झालें असतें, तरी दडपणाखालीं किंवा भिडेखातर कोणीं काय मत दिलें याची खात्री कोणीं द्यावी? पण त्या ग्रामस्थांचा प्रश्न तेवढ्यानें संपत नाहीं. सरकारचा शब्द त्यांना पुरेसा वाटला नाहीं, आणि उमेदवाराचा शब्द पक्षकाराचा शब्द ठरतो. मध्यें उभें राहून ‘आम्हीं पाहिलें, तें असें आहे’ असें सांगणारा, दोन्हीं बाजूंस मान्य असा कोणी गांवकरी नव्हता.

यावर आक्षेप घेतां येतो, व तो विचार करण्यासारखा आहे. देशांत दहा लाखांहून अधिक मतदान केंद्रें आहेत. तितके निःपक्षपाती नागरिक आणावयाचे कोठून, आणि त्यांच्या निःपक्षपातीपणाचा दाखला द्यावयाचा कोणीं? नागरिक-संस्थेचें नांव घेऊन पक्षाचाच मनुष्य आंत शिरला, तर गोंधळ वाढेल. हा धोका खरा आहे. पण निकाराग्वाच्या उदाहरणांत दिसलें त्याप्रमाणें प्रत्येक केंद्रावर मनुष्य लागत नाहीं. नीट निवडलेलीं थोडीं केंद्रें पुरतात. आणि पात्रतेचे नियम २००५ व २०१२ च्या जाहीरनाम्यांत तयार आहेत: कोणत्याहि पक्षाकडे झुकाव नसावा, पैसा कोठून येतो तें जाहीर असावें, लिहिलेल्या प्रत्येक वाक्यास पुरावा असावा.

तोंवरहि नागरिकांच्या हातीं कांहींच नाहीं, असें नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयापासून प्रत्येक उमेदवारास आपली मालमत्ता, शिक्षण व आपल्यावरील फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागतात. तो निर्णय नागरिकांच्याच एका संस्थेच्या अर्जावर लागला. प्रचारकाळांतील गैरप्रकाराचें छायाचित्र सी-व्हिजिल या आयोगाच्या भ्रमणध्वनी-साधनानें कोणाहि मतदारास पाठवितां येतें व त्याची दखल शंभर मिनिटांत घेतली जावी असा संकेत आहे. मतदानाच्या पहांटे प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचें अभिरूप मतदान करून यंत्र तपासतात. सायंकाळीं मतदान संपल्यावर केंद्रांत एकंदर किती मतें नोंदलीं गेलीं, तें नमुना १७ क मध्यें लिहून त्याची प्रत प्रतिनिधींस देतात. मोजणीच्या टेबलावर यंत्रांतून निघणारा एकूण आंकडा त्याच कागदाशीं ताडावयाचा असतो. केनियांत ज्या वाटेवर दोष निघाला, त्याच वाटेवरचा हा पहारा आहे. पण पुष्कळ ठिकाणीं प्रतिनिधि पहांटे उशिरां येतात, सायंकाळीं लवकर उठतात, आणि ती प्रत घरीं नेऊन हरवितात. मग महिनाभरानें संशय बोलूं लागतो व हातीं कागद नसतो.

परदेशी शिष्टमंडळाची साक्ष मोलाची असते, पण ती उसनी असते. ज्या देशांत बोलणाऱ्याचा गळा दाबला जातो, तेथें ती उसनी साक्षहि जीव वांचविते. जेथें कायदा, न्यायालयें व मोकळें बोलणें आहे, तेथें साक्षीदार घरचाच असावा, आणि त्याला बसण्यास केंद्रांत एक खुर्ची असावी. ती खुर्ची कायद्यानें जोंवर ठेविलेली नाहीं, तोंवर निदान प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीनें तो एक कागद सहीसह घ्यावा व मोजणी संपेपर्यंत जपून ठेवावा.